राणीसावरगावच्या वाटेवर वावड्याची ओळख

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव नावाचे गाव आहे. रेणुकामातेचे स्थान म्हणून पंचक्रोशीत ते प्रसिद्ध आहे. नवरात्रात तेथे दर्शनाला जावे, अशी इच्छा आपल्या घरातील आजी-आजोबांनी बोलून दाखवली असेल, किंवा आपण स्वतःच या वयात एकदा देवीची ओटी भरून यावी असे ठरवले असेल. या लेखाच्या निमित्ताने आपण त्या वाटेने जाऊ. मात्र या वेळी नजर थोडी निराळी ठेवू. वाटेवरचे गवत, दुकानातले कुंकू, उपवासाचे ताट, घरातली मलमाची डबी आणि रोजच्या गोळ्या, हे सारे आपल्या अगदी ओळखीचे आहे. या ओळखीच्या वस्तूंशी शरीराचे कधी कधी बिनसते कसे, आणि बिनसले तर ते ओळखावे कसे, हे आपल्याला पाहायचे आहे.

‘वावडे’ म्हणजे काय

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. गोदावरीच्या काठी वसलेले. येथून दक्षिणेकडे निघाले की बालाघाटच्या डोंगररांगा जवळ येऊ लागतात. आश्विनात दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि काढणीला आलेले सोयाबीन दिसते. या भागातील जुनी माणसे ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरत नसत. ‘मला वांग्याचे वावडे आहे’, असे ती म्हणत. शब्द नेमका आहे. वस्तू वाईट नाही, इतरांना ती चालते, फक्त या एका शरीराला ती मानवत नाही, हा सारा अर्थ ‘वावडे’ या एका शब्दात येतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्या मानाने अलीकडचा. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो 1906 मध्ये घडवला. एखाद्या पदार्थाशी पूर्वी संबंध आल्यानंतर शरीराची प्रतिक्रिया बदलते, एवढाच त्यांचा मूळ आशय होता.

या व्याख्येतील ‘पूर्वी संबंध आल्यानंतर’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. वावड्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. ‘गेली चाळीस वर्षे हेच वापरते आहे, आताच कसा त्रास होईल?’ असे घरोघर म्हटले जाते. परंतु वावडे हे परक्या वस्तूचे नसते, परिचित वस्तूचेच असते. शरीराची संरक्षणव्यवस्था आधी त्या पदार्थाची ओळख करून घेते, ती ओळख जपून ठेवते आणि पुढे केव्हा तरी त्याला शत्रू समजून प्रतिकार सुरू करते. ही तयारी काही दिवसांत होते, कधी तिला अनेक वर्षे लागतात. म्हणून साठीत किंवा सत्तरीतही नवे वावडे उत्पन्न होऊ शकते, आणि जुन्या सवयीची वस्तू निर्दोष आहे असे केवळ जुनेपणावरून ठरवता येत नाही.

वावड्याचे दोन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत. पहिला तात्काळ होणारा. काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, शिंका येतात किंवा दम लागतो. गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी अंगाला लावतात. त्याने थोडे गार वाटते. पण या पित्ताचा पोटातील आम्लाशी संबंध नसतो. त्वचेतील विशिष्ट पेशींमधून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडल्याने ते घडते. दुसरा प्रकार सावकाशीचा. वस्तू त्वचेला लागल्यावर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, तेथे खाज, लाली, बारीक फोड आणि पुढे जाड काळसर डाग दिसतो. या उशिरामुळेच खरे कारण हाती लागत नाही. सोमवारी लावलेल्या वस्तूचा त्रास बुधवारी दिसतो आणि दोष बुधवारच्या जेवणावर जातो.

वाटेच्या कडेचे गवत

आता रस्त्याच्या कडेला पाहा. गाजराच्या पानांसारखी कातरलेली पाने आणि पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ असलेली कमरेएवढी झुडपे पडीक जमिनीत, बांधावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला सर्वत्र उभी असतात. हेच गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. ते मूळचे अमेरिका खंडातले. भारतातील त्याची नोंद शेषगिरी राव यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केली आणि ती झाडे सापडली होती आपल्या पुण्यात. एकेका झाडाला हजारो बिया येतात. त्यामुळे काही दशकांत ते देशभर पसरले.

या गवताचा माणसाला होणारा उपद्रवही प्रथम पुण्याच्याच डॉक्टरांच्या ध्यानात आला. डॉ. अरविंद लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यावर लिहिले. अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि कोपरांच्या घडीत एकाच प्रकारचा चिवट इसब दिसत होता आणि त्याचे मूळ या गवतात होते. गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारणीभूत असते. पानांवरील बारीक लव, वाळलेल्या पानाफुलांचा भुगा आणि धूळ हवेबरोबर उडते व उघड्या अंगावर बसते. म्हणून झाडाला हात न लावताही त्रास होतो.

शेतात, अंगणात, पारावर वर्षानुवर्षे वावरलेल्या वयस्क पुरुषांत हा विकार विशेष आढळतो. समजा, आपल्या घरातील आजोबांच्या पापण्या सुजतात, कानामागे आणि हनुवटीखाली खाज येते, मानेची कातडी जाड व सुरकुतलेली होत चालली आहे, आणि पावसाळ्यानंतर हा त्रास वाढतो. पुष्कळ वेळा ‘ऊन सोसत नाही’ म्हणून हे सोडून दिले जाते. उन्हाचा त्रास सहसा उघड्या भागावर, म्हणजे कपाळ, नाक, गाल यांवर अधिक दिसतो. पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग सावलीत असल्यामुळे बहुधा वाचतो. हवेतून येणारी धूळ मात्र सावली पाहत नाही, ती या घड्यांतही शिरते. एवढे एक निरीक्षण डॉक्टरांना सांगितले तरी निदानाची दिशा मिळते. काही रुग्णांत पुढे गवत आणि ऊन दोहोंचाही त्रास सुरू होतो, म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

गाजर गवताच्या निर्मूलनासाठी दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा जागृती सप्ताह पाळला जातो, तो फुलोऱ्यापूर्वीचा काळ आहे म्हणून. घराभोवतीचे गवत जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. ज्याला वावडे आहे त्याने हे काम करू नये. वाळलेले गवत पेटवून देऊ नये. बाहेरून आल्यावर तोंड, मान, हात स्वच्छ पाण्याने धुवावेत, अंगावरचे कपडे बदलावेत आणि धुतलेले कपडे गवताच्या बाजूला वाळत घालू नयेत.

आणखी एक दुवा देवळाच्या दारात भेटतो. देवीला वाहायची शेवंती आणि शेतातले सूर्यफूल ही गाजर गवताच्याच कुळातली. एकाचे वावडे असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होण्याची शक्यता असते. आजोबांच्या हातांना हार गुंफताना खाज येत असेल, तर त्याचा संबंध गावाबाहेरच्या गवताशी असू शकतो.

देवळासमोरची दुकाने

देवीच्या गावी देवळासमोरची दुकाने हळदीकुंकवाने उजळलेली असतात. रेणुकेच्या भक्तीत कुंकवाला मोठे स्थान आहे. कपाळभर मळवट भरलेल्या वृद्ध स्त्रिया पाहिल्या की कुंकू हा त्यांच्या ओळखीचाच भाग आहे हे जाणवते. म्हणूनच कुंकवाच्या वावड्याविषयी बोलताना हळुवार बोलावे लागते.

पूर्वी कुंकू हळदीपासून करीत. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्या योगाने हळदीचा पिवळा रंग पालटून तांबडा होतो. आज स्वस्त कुंकवात कृत्रिम रंग, सुगंधी द्रव्ये आणि इतर पूड असू शकते. पुदुच्चेरी येथील जिपमेर या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी कुंकवामुळे त्वचाविकार झालेल्या 46 रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे हा कोणा एकीचा मनाचा खेळ नव्हे, वैद्यकाने नोंदवलेला विकार आहे. यात कपाळावर खाज येते, पुरळ उठते, आणि पुष्कळदा खाज फारशी नसतानाही कुंकवाच्या जागी करडा-काळा डाग उमटून राहतो. शुद्ध हळदीचे कुंकू तुलनेने बरे, तरी ते प्रत्येकीला चालेलच असे नाही. हळदीचेही वावडे असते.

टिकलीचा प्रश्न निराळा. तेथे दोष बहुधा रंगाचा नसून मागच्या गोंदाचा असतो. अलाहाबाद येथील डॉक्टरांनी 1990 मध्ये दाखवून दिले, की काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनामुळे त्या जागेचा रंगच उडून जातो आणि कपाळावर पांढरा ठिपका पडतो. हा ठिपका दिसू लागताच पुष्कळ स्त्रिया तो झाकण्यासाठी मोठी टिकली लावतात आणि डाग वाढत जातो. घरातील लेकीसुनांनी आईच्या किंवा सासूबाईंच्या कपाळाकडे टिकली काढलेली असताना एकदा नीट पाहावे.

बांगड्यांच्या दुकानापाशी निकेलची आठवण ठेवावी. खोटे दागिने, घड्याळाचा पट्टा, बांगडीत अडकवून ठेवलेली सेफ्टी पिन, यांतील निकेल हे वावड्याचे जगभर आढळणारे कारण आहे. घाम आला की ते अधिक सुटते. मंगळसूत्राच्या वाटीखाली, कानाच्या पाळीवर, मनगटावर खाज असेल तर तेथे कोणता धातू टेकतो ते पाहावे. आणि देवळाबाहेर चपला काढताना पावलांकडे लक्ष द्यावे. पट्ट्याच्या आकाराचाच डाग किंवा चिरा असतील, तर रबरातील रसायने अथवा चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम यांचा संशय घ्यावा. डागाचा आकार हीच येथे मोठी खूण आहे. वस्तू जेथे टेकते तेथेच, तिच्याच आकाराचा डाग असेल तर कारण बाहेरचे आहे.

उपवासाचे ताट

नवरात्रात अनेकांचा उपवास असतो. ताटात भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा येतो. येथे एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो: त्रास एकाला झाला, की सर्वांना? पंगतीत सर्वांनी तेच खाल्ले आणि एकालाच काही मिनिटांत गांधी उठल्या किंवा ओठ सुजले, तर ते वावडे असण्याचा संभव अधिक. शेंगदाणा हा अशा वावड्यांतील एक महत्त्वाचा पदार्थ आहे. उलट, खाणाऱ्यांपैकी पुष्कळांना मळमळ, उलट्या, चक्कर सुरू झाली तर ती विषबाधा समजावी. भगरीतून अशी सामुदायिक विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत येतात. भगरीला ओल लागली की तिच्यावर बुरशी वाढते आणि बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. सुट्या भगरीचे किंवा भगरीचे तयार पीठ घेण्याऐवजी बंद पाकिटातील भगर घ्यावी, मुदत पाहावी, निवडून धुवून शिजवावी आणि पीठ हवे असल्यास घरीच ताजे दळावे. वयस्कांना उलट्याजुलाबांनी चटकन पाणी कमी पडते, रक्तदाब खाली येतो. त्यांना घरी थांबवून वाट पाहू नये.

घरातले इलाज

आता दर्शन झाले, पाय दुखू लागले. कोणी तरी आपुलकीने सांगते, ‘गुडघ्याला बिब्बा लावा’. बिब्ब्याचे तेल त्वचेला लागले की पुष्कळांना तीव्र वावडे होते. फोड येतात, पाणी सुटते, आजूबाजूचा भाग सुजतो आणि भरून आल्यावरही काळा डाग राहतो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत आणि त्या खुणेमुळेही कपडा नेसणाऱ्याच्या मानेला किंवा कमरेला पुरळ उठे. बिब्बा, आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातील तेल ही एकाच कुळातली. कैऱ्या उतरवताना तोंडाभोवती ज्यांना पुरळ येते, त्यांनी बिब्ब्यापासून दूरच राहावे. मधुमेह असलेल्यांच्या पायाला बिब्ब्याचा चटका देणे तर अतिशय धोक्याचे. तेथे संवेदना कमी असते आणि जखम लवकर भरत नाही.

केसांच्या कलपात, विशेषतः काळ्या रंगात, पीपीडी या नावाने ओळखले जाणारे रसायन असते. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते असू शकते. याचे वावडे झाले तर डोक्यापेक्षा कपाळ, कान, पापण्या यांवर अधिक सूज दिसते. एकदा त्रास झाला, की पुन्हा लावण्याचा प्रयोग करू नये. वावडे सहसा आपोआप विसरले जात नाही, उलट पुढच्या वेळी प्रतिक्रिया अधिक जोराची येऊ शकते.

दुखण्यावरचा बाम, जखमेवर लावायचे नियोमायसिन असलेले मलम, सुगंधी तेल, चिकटपट्टी, यांचेही वावडे होते. तेव्हा औषधानेच विकार वाढतो आणि आपण आणखी औषध चोळतो. खाजेवर दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम पहिल्या दोन दिवसांत आराम देते. पण महिनोन्‌महिने लावल्यास वयस्कांची आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते आणि गजकर्णासारखा विकार झाकला जाऊन पसरतो. अशा वेळी जे काही लावतो ते सारे थांबवून, साधे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून, डॉक्टरांकडे जाणे हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रत्येक खाज वावड्याची नसते, हेही सांगायला हवे. वाढत्या वयात त्वचेतील स्निग्धता कमी होते आणि केवळ कोरडेपणाने अंग खाजते. साबण कमी, पाणी कोमट आणि आंघोळीनंतर लगेच तेल, एवढ्याने ते थांबते. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग असेल तर ती नागीण असू शकते. नागिणीचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. रात्री घरातील अनेकांना खाज येत असेल तर खरजेची शंका घ्यावी.

रोजच्या गोळ्या

प्रवासाच्या पिशवीत गोळ्यांचा डबा असतोच. औषधाने त्रास झाला की ‘मला त्याची ॲलर्जी आहे’ असे सरसकट म्हटले जाते. त्यात फरक करावा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडणे, रक्तदाबाच्या ॲमलोडिपिनने पावलांना सूज येणे, हे त्या औषधांचे अनिष्ट परिणाम आहेत, वावडे नव्हे. मात्रा किंवा औषध बदलून ते आटोक्यात येतात. स्वतःहून गोळी बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. क्वचित ओठ, जीभ, घसा यांना सूजही येते, आणि ती अनेक महिने किंवा वर्षे गोळी घेतल्यानंतरही येऊ शकते. अशी सूज आली तर पुढची गोळी न घेता तत्काळ रुग्णालय गाठावे. पेनिसिलीन, सल्फा आणि वेदनाशामक गोळ्या ही खऱ्या वावड्याची नेहमीची उदाहरणे. नवी गोळी सुरू केल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, तोंडात व डोळ्यांत फोड, कातडी सोलवटणे दिसले तर एक दिवसही थांबू नये.

आणखी एक सावधगिरी. खाजेवर किंवा सर्दीवर सहज घेतल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, गोंधळ उडतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. वावड्याची गोळी घेऊन रात्री उठताना पडल्याने मांडीचे हाड मोडावे, हा सौदा महागात पडणारा आहे.

घाईची वेळ

जुन्या देवळांच्या शिखरावर, मोठ्या झाडांवर आणि डोंगरकपारींत आग्या मोहोळ असते. धूर झाला, दगड लागला की माशा उठतात. डंख, अन्नपदार्थ किंवा औषध यांनंतर काही मिनिटांत श्वास अडणे, आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, अंगभर गांधींबरोबर चक्कर किंवा उलट्या, यांपैकी काहीही दिसले तर तो जीवघेणा प्रकार समजावा. यावरचे पहिले आणि खरे औषध म्हणजे मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याच वेळी जवळचे आरोग्य केंद्र गाठण्याची तयारी करावी. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर टेकून बसवावे. त्याला एकदम उभे करू नये, चालवू नये, त्याने रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो. मधमाशीचा काटा अंगात राहिला असेल तर तो शोधून काढण्यात मिनिटे न घालवता नखाने लगेच खरडून टाकावा. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या वर्गातील गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या गोळ्यांमुळे इंजेक्शनाचा परिणाम कमी पडू शकतो. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहणे आवश्यक असते, त्रास पुन्हा उलटू शकतो.

कारणाचा शोध

उरलेल्या, सावकाशीच्या वावड्यांसाठी घाई नको, चिकाटी हवी. घरात एक वही ठेवावी. त्रास कोठे सुरू झाला, केव्हा दिसला, त्याआधीच्या तीन दिवसांत काय लावले, काय नेसले, कोणते काम केले, कोणती गोळी नवी होती, गावाला गेल्यावर त्रास कमी झाला का, एवढे लिहावे. संशयित वस्तू एका वेळी एकच बंद करावी आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी. सारेच एकदम बंद केले तर दोषी कोण ते कळत नाही, आणि वृद्ध माणूस अन्नावाचून व आनंदावाचून राहतो.

शंका मिटवणारी तपासणी म्हणजे पॅच चाचणी. जर्मन भाषक त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी ती 1895 मध्ये मांडली, आणि आजही तीच उपयोगात आहे. संशयित पदार्थांचे अल्प अंश पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. भारतीय रुग्णांसाठी केलेल्या पदार्थांच्या संचात गाजर गवत, निकेल, पीपीडी यांचा समावेश असतो. सुई टोचावी लागत नाही. पाठ काही दिवस भिजवायची नाही आणि दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, एवढेच. अंबाजोगाई आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या चाचणीची सोय व दिवस आधी विचारून मगच वयस्क माणसाला तेथवर न्यावे. कारण सापडले, की एका कागदावर मोठ्या अक्षरांत वावड्याच्या वस्तू आणि औषधे लिहून तो कागद औषधांच्या डब्यात आणि पाकिटात ठेवावा.

आता राहिला कुंकवाचा प्रश्न. चाचणीत कुंकवाचे वावडे निघाले, तर आजीला काय सांगावे? ‘उद्यापासून कुंकू बंद’, असे तोडून सांगितले तर ते तिच्या मनाला लागेल, आणि ती चोरून लावील. तिला समजेल अशा शब्दांत सांगावे, की दोष भक्तीचा नाही आणि कुंकवाचाही नाही, त्यात मिसळलेल्या एका द्रव्याचा आहे. ओटी भरावी, देवीच्या चरणी कुंकू मनसोक्त वाहावे, आपल्या कपाळी मात्र ते लावू नये. दुसरे एखादे कुंकू किंवा गंध चालते का, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी हाताच्या आतल्या बाजूला, सलग काही दिवस, थोडे लावून पाहावे. कुंकू लावायला येणाऱ्या शेजारणींना घरातल्यांनी पुढे होऊन सांगावे, म्हणजे नाही म्हणण्याचा भार तिच्यावर येणार नाही. कपाळ मोकळे दिसले म्हणून कोणी कुजबुजू नये, एवढी जबाबदारी आपण साऱ्यांनी उचलावी. अशा आधाराने वावडे सांभाळणे वृद्धांना जड जात नाही, आणि पुढच्या नवरात्रात राणीसावरगावला जाताना त्यांच्या कपाळावर खाज नसते, डब्यात तो कागद असतो.